दादीची संदूक भंगारात देण्याआधी

ईद जवळ आली की घरं आवरली जातात. भिंतींना रंग लागतो, पडदे बदलतात आणि मागच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून असलेलं लाकडी सामान अंगणात येतं. एक पाय हलणारा तख्त, झाकण निखळलेली संदूक, एका अंगाने वाळवीने खाल्लेलं कपाट. तेल्हारा असो, हिवरखेड असो की अकोट, जुन्या मोहल्ल्यांत हे सामान अजून निघतं. भंगारवाला किलोचा भाव सांगतो, किंवा "जुनं सागवान घेतो" म्हणत फिरणारा एखादा व्यापारी थोडेफार पैसे हातावर ठेवून माल उचलतो. त्याच पैशांत थोडी भर घालून प्लायवूडचं, सनमायका लावलेलं नवं कपाट घरात येतं. चार पावसाळ्यांत त्याचा तळ फुगायला लागतो, तेव्हा जुन्याची आठवण होते.

नवं घेऊ नका असं आम्ही म्हणत नाही. लग्नघरात, भाड्याच्या खोलीत, लहान फ्लॅटमध्ये जुना अवजड माल ठेवणं प्रत्येकाला जमत नाही. पण जे काढून टाकतोय ते नेमकं काय आहे आणि ते दुरुस्त होतं का, एवढं तरी माहीत असावं. बहुतेक वेळा ते दुरुस्त होतं. आणि बिघडतं ते वाळवीने कमी, आपल्या घाईच्या दुरुस्तीनेच जास्त.

आधी लाकडाबद्दल. आपला तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. डोंगर चढून पलीकडे गेलं की मेळघाट, आणि मेळघाट म्हणजे सागाचं जंगल. त्यामुळे या पट्ट्यातल्या जुन्या घरांत सागवान हे काही फक्त श्रीमंतांचं लाकूड नव्हतं. खांब, तुळया, दारं, चौकटी आणि पेट्यांमध्येही ते सापडतं. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. आज बाजारात मिळणारा साग बहुतेक लागवडीचा आणि कमी वयात तोडलेला असतो. झाड जितकं कोवळं तितका त्यात बाहेरचा पांढरा भाग जास्त आणि आतला तपकिरी गाभा कमी. साग वाळवीला दाद देत नाही असं आपण म्हणतो ते या गाभ्याबद्दल खरं आहे. त्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते किड्याला मानवत नाही. पांढऱ्या भागात हे संरक्षण जवळपास नसतं, तो वाळवी खुशाल खाते. म्हणून जुन्या कपाटाची एखादी कड भुसा झालेली दिसते आणि तिला लागूनच असलेली फळी ठणठणीत असते. कड गेली म्हणून अख्खं कपाट गेलं, असा हिशोब करू नका.

दुरुस्तीचा एकच नियम आम्ही इथे सांगणार आहोत, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. जे उद्या काढता येईल तेच आज लावा. तासलेलं लाकूड परत येत नाही. ठोकलेला खिळा काढताना लाकूड फाटतं. प्लॅस्टिकसारखं चढलेलं पॉलिश खरवडूनच काढावं लागतं. याउलट सरसाने जोडलेला सांधा कोमट पाण्याने सुटतो आणि लाखेचं पॉलिश स्पिरिटने विरघळतं. जुन्या मिस्त्रींचं काम टिकलं याचं एक कारण हेही आहे की ते पुन्हा उघडता येत होतं.

जगातल्या दोन मिंबरांचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. पहिलं बैतुल मुकद्दसच्या मस्जिद-ए-अक्सातलं. नूरुद्दीन जंगींनी ११६८-६९ च्या सुमारास ते हलबमध्ये बनवून घ्यायला घेतलं, आणि ११८७ नंतर सलाहुद्दीन अय्यूबींनी ते अक्सात आणून बसवलं. २१ ऑगस्ट १९६९ रोजी लावलेल्या आगीत ते जळालं, हाती उरले फक्त काही तुकडे. जॉर्डनमध्ये ते नव्याने घडवण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं, कारण लाकडाचे हजारो तुकडे खिळा न ठोकता एकमेकांत कसे अडकवले होते, हे जुन्या फोटोंवरून आणि उरलेल्या तुकड्यांवरून शोधून काढावं लागलं. २००७ मध्ये नवं मिंबर अक्सात बसलं. दुसरं मिंबर मराकेशच्या कुतुबिय्या मशिदीचं. ११३७ मध्ये कुर्तुब्यात त्याचं काम सुरू झालं. ते जळालं नव्हतं, पण आठ-साडेआठ शतकांत झिजलं होतं. १९९६-९७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचे आणि मोरोक्कोचे तज्ज्ञ त्यावर बसले. त्याला नव्यासारखं चकचकीत करायचं नाही, जे आहे ते साफ करायचं आणि सुटलेलं पक्कं करायचं, अशी त्यांची पद्धत होती.

आपल्या संदूकीला असले तज्ज्ञ येणार नाहीत. पण दोन्हीकडून घेण्यासारखं आहे. अक्साचं मिंबर परत उभं राहिलं ते फोटोंमुळे, तेव्हा हात लावण्याआधी मोबाइल काढा. चारी बाजू, आतली बाजू, तळ, प्रत्येक सांधा, प्रत्येक बिजागरी. कुठला तुकडा कुठून निघाला हे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून त्याच तुकड्याला दोऱ्याने बांधा. जुने स्क्रू आणि खिळे बाटलीत जपा, ते फेकायचे नाहीत.

आणि आत काय आहे ते बघा. संदूकीच्या झाकणाला आतून कधी पेन्सिलने, खडूने लिहिलेलं असतं. कुणाच्या जन्माची तारीख, कुणाच्या निकाहची, कधी नुसता उधारीचा हिशोब. तळाला अंथरलेल्या कागदांखाली जुने निकाहनामे, खरेदीखतं, हाताने लिहिलेल्या किताबा निघू शकतात. ते कागद आधी वेगळे काढा, सावलीत मोकळे ठेवा, चिकटलेली पानं ओढू नका. झाकणाच्या आतली लिखावट ओल्या फडक्याने पुसली गेली की ती कायमची गेली. कागदपत्रांसाठी आज किती धावपळ करावी लागते हे वेगळं सांगायला नको.

कीड आहे की नाही, हे कसं ओळखायचं

वाळवी मातीची नळी करून चढते. पायाला किंवा मागच्या फळीला मातीची रेघ दिसली तर ती जमिनीतून आली आहे, आणि घराच्या भिंतीतही असणार. नुसत्या संदूकीवर इलाज करून भागणार नाही. दुसरी वाळवी कोरड्या लाकडातच राहते, तिची विष्ठा खसखशीच्या दाण्यासारखी खाली पडते. तिसरा प्रकार भुंग्याचा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं, आणि खाली टाल्कम पावडरसारखी मऊ पिठी.

भोकं दिसली म्हणजे किडा जिवंत आहेच असं नाही. कदाचित तो दादीच्या लग्नाच्या काळातच निघून गेला असेल. भोकाच्या आत बघा. नवं भोक आतून फिकं असतं, जुनं मळकट काळसर. खात्री करायची तर सामान झाडून पुसून घ्या, खाली काळा कागद अंथरा आणि तीन आठवडे हलवू नका. कागदावर पिठी पडली तर किडा आहे. नाही पडली तर औषधाचा खर्च वाचला.

औषधाबद्दल थोडं कडक बोलावं लागतं. आपल्याकडे घरोघरी शेती आहे, त्यामुळे फवारणीचं औषध आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या हाताशी असतात. त्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड, संदूकीत टाकून झाकण लावलं की किडा मरतो, असं काही जण सांगतात. किडा मरेल. पण हवेतल्या ओलाव्याने त्या गोळीतून फॉस्फीन वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसंही त्याने मरतात. त्या विषावर उतारा नाही. राहत्या घरात ही गोळी कोणत्याही कारणाने उघडायची नाही. कपाशीवरचं कीटकनाशक ब्रशने लाकडाला लावणं हा दुसरा प्रकार. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त जीव गेले, आणि ते उघड्या शेतात. ज्या पेटीत बाळाचे कपडे ठेवायचे तिला ते चोपडणं म्हणजे कहर आहे. रॉकेल ओतल्याने किडा पुरता मरत नाही, वास मात्र जात नाही आणि आगीची भीती राहते. कडुलिंबाचा पाला, कापूर यांनी नवा किडा जरा दूर राहत असेल, पण आत बसलेला मरत नाही.

मग करायचं काय? ज्या भागाला पॉलिश नाही, म्हणजे तळ, पाठ, आतली बाजू, तिथे टाकणखार आणि बोरिक पावडरचं गरम पाण्यातलं द्रावण ब्रशने दोन-तीनदा मुरवता येतं. पॉलिशमधून ते आत जात नाही, हे लक्षात ठेवा. मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि लाकूड पूर्ण सुकल्याशिवाय आत काही ठेवू नका. कीड खोल असेल, किंवा भिंतीतूनच येत असेल, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि लाकडात भरायच्या औषधाचं नाव विचारून घ्या.

रेहलसारखी लहान वस्तू असेल तर एक सोपी वाट आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून, हवा काढून, डीप फ्रीजरच्या स्वच्छ कप्प्यात उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड लाकडावर पाणी धरतं. मोठमोठ्या संग्रहालयांत हीच पद्धत वापरतात. रेहलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. चांगली जुनी रेहल एकाच फळीतून कोरलेली असते. मधली बिजागरीही त्याच लाकडात कापून काढलेली, दोन्ही पानं कधीच वेगळी न झालेली. ती मोडली तर मध्ये लोखंडी बिजागरी ठोकण्याचा मोह होतो. तसं करू नका. तुटलेला दात सरसाने जागेवर बसवता येतो.

भेग उन्हाळ्यात भरू नका

लाकूड लांबीला फारसं कमी-जास्त होत नाही, पण रुंदीला होतं. हवा कोरडी झाली की आकसतं, ओली झाली की फुगतं. आपल्याकडे हा खेळ जरा जास्तच चालतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि जूनअखेरीला हवेत इतकी ओल की मीठ पाझरतं. भरीला कूलर. भर उन्हाळ्यात एका खोलीतलं कपाट वाळून कडकडतं आणि बाजूच्या खोलीतलं कूलरच्या ओल्या वाऱ्याने फुगतं.

मे महिन्यात संदूकीच्या झाकणाला बोटभर भेग दिसली म्हणून आपण घाबरून तीत लांबी भरतो. पावसाळ्यात फळी फुगते, भेग मिटायला बघते, पण मध्ये कडक लांबी बसलेली असते. मग फळी दुसरीकडून फुटते. भेग भरायची, सांधे जोडायचे, पॉलिश करायचं, हे सगळं दिवाळीनंतर करावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्या भागात लाकडाच्या कामाचे महिने, तेव्हा हवा मधली असते. ईद यंदा कोणत्याही महिन्यात येवो, लाकूड ऋतूच्या हिशोबाने चालतं.

आणि भेगेत लांबी भरायचीच नाही. जुन्या सागवानाची पातळ पट्टी भेगेच्या मापाने तासून, रेषा त्याच दिशेने ठेवून, सरसाने बसवायची. जुनं लाकूड कुठून आणायचं? मोहल्ल्यात एखादं जुनं घर पाडलं जात असेल तर तिथल्या चौकटीचा तुकडा मागून घ्या. रंग आणि रेषा नव्या सागापेक्षा चांगल्या जुळतात. वाळवीने खाल्लेला भागही तसाच. जेवढं पोकळ तेवढंच पटाशीने काढायचं आणि तेवढ्याच मापाचा तुकडा बसवायचा. अख्खा पाय बदलू म्हणणाऱ्या मिस्त्रीला थोडं थांबवा.

सांधा हलत असेल तर त्यावर खिळा ठोकणं ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात वाईट दुरुस्ती. लोखंड गंजतं, भोवतीचं लाकूड काळं पडतं, आणि सांधा हलायचा थांबत नाही. उलट खिळ्याच्या दोन्ही बाजूंनी फळी चिरते. योग्य रीत अशी की सांधा पूर्ण उघडायचा. जुन्या सामानात बहुधा सरस असतो, जनावरांच्या कातडी-हाडांपासून शिजवलेला. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पिळून सांध्यावर ठेवलं की थोड्या वेळाने तो मऊ होतो. मग हलक्या हाताने, मध्ये लाकडाचा तुकडा धरून, ठोके द्यायचे. आतला जुना सरस खरवडून-पुसून काढायचा, कारण त्यावर नवं काहीही नीट चिकटत नाही, फेविकॉल तर नाहीच. लाकूड एक दिवस सुकू द्यायचं, मग नवा सरस लावून दाबून ठेवायचं. शिकंजा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब लांब पट्टीत कापून आवळून गुंडाळा, उत्तम दाब येतो. कुसू खाचेत सैल झालं असेल तर त्यावर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवून ते जाड करता येतं. सरसच का, फेविकॉल का नाही? फेविकॉल पक्का असतो यात वाद नाही. पण पुढच्या वेळी तो सांधा उघडायचा झाला तर सरस सहज सुटेल, फेविकॉलच्या सांध्यात लाकूडच फाटण्याची भीती असते.

रंग आणि पॉलिश

लोक सगळ्यात जास्त नुकसान इथे करतात, आणि तेही हौसेने. मिस्त्री येतो, रंधा मारतो किंवा घासायचं मशीन चालवतो. तासाभरात लाकूड पिवळंधमक नवं दिसायला लागतं. घरातले खूश. पण सत्तर-ऐंशी वर्षांच्या हातांनी, तेलाने, उजेडाने चढलेली जी गडद कांती होती ती भुशाबरोबर झाडली गेली. कडांची गोलाई गेली, कोरीव फुलं बोथट झाली. तो माल विकायला काढला तर जाणकार गिऱ्हाईक याच कारणाने भाव पाडतं.

वर जुना ऑइल पेंट असेल तर आणखी एक धोका आहे. पूर्वीच्या रंगांत शिसं भरपूर असायचं. आपल्या देशात घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग सुका घासला की ती धूळ घरभर होते, आणि रांगणाऱ्या मुलांच्या पोटात गेलेलं शिसं त्यांच्या मेंदूला इजा करतं. असा रंग काढायचाच असेल तर घराबाहेर, ओला करून, मुलांना लांब ठेवून काढा. कॉस्टिक सोड्याने काढू नका, त्याने साग काळवंडतो. सनमायका चिकटवलेला असेल तर त्यावर जाड कापड ठेवून गरम इस्त्री फिरवा. खालचं सोल्यूशन मऊ होतं आणि पत्रा कडेपासून उचलता येतो.

वर नेमकं काय लावलेलं आहे, हे कळल्याशिवाय काहीच लावू नका. मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून अर्धा मिनिट टेकवा. जागा चिकट झाली, कापसाला तपकिरी रंग आला, तर लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण पाण्याचा थेंब मुरून डाग गडद झाला, तर लाकडाला फक्त तेल असेल किंवा काहीच नसेल. दोन्हीने काही फरक पडला नाही तर वर ऑइल पेंट, वार्निश किंवा नवं मेलामाइन-पीयू आहे.

लाखेचं निघालं तर नशीब समजा. आधी मऊ ब्रशने धूळ काढा. पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून फडकं घट्ट पिळा, पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा. अर्धं काम इथेच होतं, कारण जो काळपटपणा आपण लाकडाचा समजतो तो बऱ्याचदा चुलीच्या धुराचा आणि तेलकट हातांचा असतो. मग चपडा लाख, साधारण २०० ग्रॅम एक लिटर स्पिरिटमध्ये, रात्रभर विरघळू द्या आणि कापडाने गाळा. कापूस मलमलीच्या तुकड्यात बांधून पोटली करा आणि अगदी पातळ हात फिरवा. नवी लाख जुनीला थोडी विरघळवून तिच्यात मिसळून जाते, म्हणून जुनं काढायची गरजच पडत नाही. सात-आठ पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे. पावसाळी हवेत हेच केलं तर वर पांढुरकी झाक येते, पुन्हा तेच, हिवाळ्याची वाट बघा. स्पिरिट पेटतं आणि ते विषारी असतं. गॅस, अगरबत्ती जवळ नको, आणि पाण्याच्या बाटलीत ते कधीच भरून ठेवू नका.

तेलाचं लाकूड असेल तर जवसाचं उकळवलेलं तेल, ज्याला दुकानदार बेलतेल म्हणतात, ते पातळ चोळून उरलेलं पुसून घ्यायचं. या तेलाची एक गोष्ट थोड्यांनाच माहीत असते. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली की ती आपोआप तापतात आणि काडी न लावता पेट घेऊ शकतात, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच धोका. काम झालं की फडकी दोरीवर वेगवेगळी पसरा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

पितळेच्या कड्या, कोयंडे, फुल्या चिंचेने किंवा लिंबाने जागेवरच घासू नका. आंबट पाणी लाकडात उतरून डाग पडतो. काढता येत असतील तर काढून घासा, नसतील तर कोरड्या फडक्याने पुसून सोडा. थोडं काळं पितळ वाईट दिसत नाही.

मिस्त्रीशी बोलताना

हे सगळं स्वतः करायला सवड कुणाला आहे? काम मिस्त्रीकडेच जाणार, आणि जावं. आपल्या भागात हात चांगला असलेले जुने सुतार, पॉलिशवाले अजून आहेत. त्यांची मुलं मात्र मॉड्युलर किचनकडे वळली, कारण तिथे पैसा लवकर सुटतो. जुना माल द्यायचा तर वयस्क मिस्त्री शोधा, "चाचा, सरस वापरता का अजून?" एवढं विचारा. ज्यांनी वापरला आहे त्यांच्या चेहऱ्यावरच उत्तर कळतं. ठरवताना नगावर न ठरवता रोजीवर ठरवा. नगावर ठरलं की घाई होते आणि घाईत खिळा ठोकला जातो. रंधा नाही, मशीन नाही, खिळा नाही, पीयू नाही, आणि निघालेला प्रत्येक तुकडा परत द्यायचा, हे आधीच बोलून घ्या. आधी एक लहान वस्तू, पाट किंवा चौरंग देऊन बघा.

विकायचंच ठरलं असेल तर आणखी एक प्रश्न येतो, वस्तू कुणाची? दादीने माहेराहून आणलेली संदूक तिची होती. तिच्या माघारी ती तिच्या सगळ्या वारसांची झाली, त्यात फुफ्याही आल्या. जमिनीच्या वाटणीत बहिणींच्या हिश्श्याबद्दल बोललं तरी जातं, घरातल्या सामानाबद्दल कुणी बोलत नाही, आणि जो भाऊ घरात राहतो तो परस्पर भंगारवाल्याला देऊन मोकळा होतो. फोन करून विचारायला दोन मिनिटं लागतात. अनेकदा फुफीला पैसे नको असतात, ती पेटी हवी असते.

सौदी, दुबईला असलेल्या नातेवाइकांना जुनी वस्तू पाठवायची असेल तर जपून. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी, कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. वस्तू तेवढी जुनी नाही, असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळतं. विमानतळावर अडकण्यापेक्षा ते आधी घेतलेलं बरं.

दुरुस्त होऊन आलेली संदूक कुठे ठेवायची हेही ठरवून घ्या. तालुक्याचा काही भाग खारपाणपट्ट्यात आहे, तिथे भिंतींना खालून ओल आणि खार चढतो. संदूक भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, पायांखाली फरशीचे तुकडे द्या, कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. पहिल्या उन्हाळ्यात एखादी बारीक भेग पुन्हा उघडेल. तिला हात लावू नका, पाऊस पडून महिना होऊ द्या, मग बघा. आणि श्रावणात एकदा खाली काळा कागद अंथरायला विसरू नका.